साबणाचा डिस्पेन्सर: आधी भरणाऱ्या मावशींना विचारा

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: नाशिकमध्ये सातपूरला तुमचं छोटं फॅब्रिकेशन युनिट आहे. २०२० मध्ये तुम्ही पायाने दाबायचे सॅनिटायझर स्टँड बनवून विकलेत. आता दिंडोरीकडच्या एका द्राक्षाच्या पॅकहाउसने आणि पेठ तालुक्यातल्या एका आश्रमशाळेने साबणाच्या डिस्पेन्सरची विचारणा केली आहे. तो सेन्सरचा करावा की पायाचा, आणि पंप स्वतः बनवावा की तयार घ्यावा?

मी बावीस वर्षं अंबडला प्लास्टिकचे मोल्ड आणि त्यातून निघणाऱ्या वस्तूंचं डिझाइन करतोय. त्यातली निम्मी वर्षं साबण आणि सॅनिटायझरच्या डिस्पेन्सरमध्ये गेली. सेन्सर की पायडल, हा प्रश्न माझ्या लेखी बराच खालचा आहे. पहिला प्रश्न, तो डिस्पेन्सर भरणार कोण? दुसरा, त्यात कुठला साबण पडणार? या दोन्हींची उत्तरं मिळाल्याशिवाय ड्रॉइंग काढायला बसू नका.

हे मी ठोकर खाऊन शिकलोय. सुरुवातीच्या काळात एका खासगी रुग्णालयाला आम्ही साठेक डिस्पेन्सर दिले होते. पांढरीशुभ्र बॉडी, पुढचं झाकण किल्लीने उघडणारं, आत अर्ध्या लिटरची टाकी. चार महिन्यांनी पाहायला गेलो तर बरेचसे रिकामे. काहींची झाकणं स्क्रू ड्रायव्हर घालून उचकटलेली, आणि काहींच्या डोक्यावर चक्क दुकानातली हँडवॉशची बाटली आणून ठेवलेली. कारण साधं होतं. किल्ली एकच, ती स्टोअरच्या माणसाकडे. मावशी कामावर यायच्या सकाळी सहाला आणि तो दहाला. ज्यांना किल्ली मिळायची त्यांचीही पुढे अडचण. झाकण वर उघडायचं आणि हात काढला की खाली पडायचं. एका मावशींनी मला प्रत्यक्ष करून दाखवलं: एक हात झाकणाला, एक हात टाकीच्या तोंडाशी, मग पाच लिटरचा कॅन धरायचा कोणी? टाकीचं तोंडही इतकं अरुंद की निम्मा साबण भिंतीवर आणि फरशीवर. त्या दिवशी मला कळलं की आम्ही हात धुणाऱ्या डॉक्टरसाठी वस्तू बनवली होती. तो डॉक्टर तिला दिवसातून दोन-दोन सेकंद शिवत होता. जिला रोज तिच्याशी झुंजायचं होतं, तिला आम्ही एकदाही विचारलं नव्हतं.

त्यानंतर काही गोष्टी मी कधी सोडल्या नाहीत. झाकण खालच्या बाजूला उघडतं आणि तिथेच टेकून राहतं. कुलूप लावायचंच असेल तर ते नाण्याने किंवा कुठल्याही चपट्या पट्टीने फिरवता येईल असं. पोरांनी उघडू नये एवढाच त्याचा हेतू, तिजोरी करायची नाही. साबण किती उरलाय हे कॉरिडॉरमधून चालता चालता दिसलं पाहिजे, म्हणून उभी खिडकी. आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे टाकी बॉडीतून सुटी निघाली पाहिजे.

टाकी सुटी का, तर उरलेल्या साबणावर नवा साबण ओतत राहणं धोक्याचं आहे. पातळ साबणात जंतू वाढत नाहीत असा आपला समज असतो. प्रत्यक्षात उघड्या तोंडाच्या, वरून ओतत राहायच्या टाक्यांमध्ये स्यूडोमोनास, सेरेशिया, क्लेबसिएला अशा जातीचे जंतू घर करतात, आणि माणूस हात धुऊन आधीपेक्षा जास्त जंतू घेऊन निघतो. अमेरिकेच्या सीडीसी या सरकारी रोगनियंत्रण संस्थेने २००२ च्या रुग्णालयांसाठीच्या मार्गदर्शक सूचनांमध्ये अर्धवट रिकाम्या डिस्पेन्सरमध्ये साबण भरू नका असं स्पष्ट म्हटलं आहे. टाकी पूर्ण रिकामी करायची, धुवायची, कोरडी करायची आणि मग भरायची. आता भिंतीला ठोकलेली टाकी कोण धुणार? म्हणून प्रत्येक डिस्पेन्सरमागे दोन बाटल्या द्या, एक भिंतीवर आणि एक धुऊन पालथी घातलेली. बाटलीचं तोंड एवढं मोठं ठेवा की आत ब्रश फिरेल. सीलबंद पाउच मिळतात, त्यांत हा त्रास जवळजवळ संपतो, कारण साबण जाईल तसा पाउच आक्रसतो आणि बाहेरची हवा आत येत नाही. पण ते महाग पडतात आणि दर वेळी त्याच कंपनीकडून घ्यावे लागतात. आश्रमशाळेला ते जमणार नाही.

पॅकहाउसमध्ये टाकी किती मोठी हवी, हे अंदाजाने ठरवू नका. समजा १२० बायका, दिवसात पाच वेळा हात धुणार, दर वेळी एक-एक मिलिलिटरचे दोन स्ट्रोक. म्हणजे दिवसाला १२०० मिलिलिटर. सहा डिस्पेन्सर असतील तर प्रत्येकी २००. ८०० मिलिलिटरची बाटली चार दिवस जाईल, आठवड्यातून दोनदा बदलायची. हा हिशेब मांडताना आणखी एक गोष्ट उघडी पडते. कामावर चढताना या बायका एकदम येतात. सहा नळ, प्रत्येकासमोर वीस जणी. जागतिक आरोग्य संघटना साबणाने हात धुण्याच्या पूर्ण कृतीला ४० ते ६० सेकंद सांगते. अगदी चाळीस धरले तरी शेवटच्या बाईचा नंबर लागून तिचे हात धुऊन होईपर्यंत तेरा मिनिटं गेलेली असतात. सुपरवायझर घाई करणार आणि हात नुसते ओले होऊन बायका टेबलावर जाणार. गिऱ्हाइकाने डिस्पेन्सर मागितले असले तरी नळ वाढवा हे त्याला तुम्ही सांगायला हवं.

आता साबणाकडे या. एकाच नावाने विकला जाणारा हँडवॉश कधी पाण्यासारखा असतो, कधी मधासारखा. फेसाचा पंप पातळ द्रावणासाठी असतो. त्यात जाळीतून हवा आणि साबण एकत्र येऊन फेस होतो. त्यात घट्ट, मोतिया चमक असलेला साबण घातला की आठवड्यात जाळी बसते. उलट, घट्ट साबणाच्या पंपात पातळ सॅनिटायझर घातलं तर तोटीतून थेंब गळत राहतो. खाली डाग, फरशी घसरडी, आणि शहाबादी फरशीवर साबणाचं पाणी म्हणजे कुणाचा तरी खुबा मोडणार. तोटीच्या टोकाला सिलिकॉनची चिरेची झडप बसवा. दाब आला की ती उघडते, दाब गेला की ओठ मिटून घेते. आणि डिस्पेन्सरच्या आत, झाकण उघडल्यावर दिसेल अशा जागी मराठीत ठसठशीत लिहा की यात कुठला साबण, किती पातळ. बाहेर छापलेली सूचना हात धुणारा वाचतो. ती भरणाऱ्याला दिसायला हवी.

नाशिकच्या हवेचाही विचार करा. द्राक्षाचा हंगाम जानेवारीत सुरू होतो आणि निफाड-दिंडोरी पट्ट्यात त्या दिवसांत पहाटे पारा पाच-सहा अंशांपर्यंत उतरतो. मीठ घालून घट्ट केलेला हँडवॉश त्या थंडीत आणखी घट्ट होतो. वर्कशॉपमध्ये दुपारी झकास चालणारा पंप पत्र्याच्या शेडमध्ये पहाटे एक थेंब देतो, बाई तीनदा दाबते, चौथ्यांदा जोर लावते आणि पंपाची मान मोडते. आमचे नमुने मी फ्रिजमध्ये रात्रभर ठेवून सकाळी काढतो आणि त्यांचा गारवा उतरायच्या आत पन्नास स्ट्रोक मारून बघतो. दाबायला दोन-सव्वादोन किलोच्या वर जोर लागता कामा नये. हाताची मूठ करून, किंवा मनगटानेही तो चालला पाहिजे. संधिवात झालेल्या, कात्री चालवून बोटं आखडलेल्या बायका तो वापरणार आहेत.

मग सेन्सर की पायडल? इथे एक गोष्ट नीट समजून घ्या, कारण करोनानंतर तिच्याबद्दल फार गोंधळ झालाय. साबणाच्या पंपाला हात लागतो तो धुण्याच्या आधी. पंपावरचे जंतू हाताला लागले तरी पुढच्या मिनिटात ते धुतले जातात. हात धुऊन झाल्यावर ज्याला शिवावं लागतं ते खरं घातक, म्हणजे नळाची चावी आणि दाराची कडी. तेव्हा बिनस्पर्शाचा खर्च करायचाच असेल तर तो नळावर करा. गुडघ्याने ढकलायची पट्टी किंवा पायाने दाबायचा व्हॉल्व्ह असलेलं बेसिन, आणि शेजारी साधा, मजबूत, तळहाताने किंवा कोपराने दाबायचा साबणाचा पंप. पॅकहाउसला मी हेच देईन. आणि हे तुमच्या हातचं काम आहे. स्टीलचं बेसिन आणि गुडघ्याची पट्टी तुम्ही माझ्यापेक्षा चांगली कराल.

सेन्सर वाईट नाही, पण तो देखभाल मागतो. त्यातून डोळ्यांना न दिसणारा अवरक्त प्रकाश निघतो आणि हातावरून किती परत येतो त्यावर मोटर चालते. सावळ्या कातडीवरून तो कमी परततो, काळ्या ग्लोव्ह्जवरून तर आणखी कमी. ऑफिसात बसणाऱ्या दोन माणसांच्या हातांवर सेटिंग करून पाठवलेला नग बागेत उन्हात राबणाऱ्या हातांना ओळखत नाही, हे मी पाहिलंय. ती बाई दोन-तीनदा हात पुढे करते, मग आपलंच काही चुकलं असं समजून तशीच निघून जाते. ते बघणं फार वाईट. चाचणीला उन्हातले हात, मेंदी लावलेले हात, ओले हात, ग्लोव्ह्ज घातलेले हात, सगळे बोलवा. उन्हातही हाच अवरक्त प्रकाश असतो. एका मंगल कार्यालयात पश्चिमेच्या खिडकीसमोर लावलेला आमचा डिस्पेन्सर दुपारी चारनंतर आपोआप साबण ओकायचा. चकचकीत स्टीलचं बेसिन तोटीखाली फार जवळ आलं तरी तेच होतं. शिवाय सेल उतरले की मोटर मंदावते, साबण कमी येतो आणि ते कोणाच्या लक्षात येत नाही. जिथे रोज फेरी मारणारा मेंटेनन्सचा माणूस आहे तिथेच सेन्सर द्या.

पायडलच्या स्टँडबद्दल तुम्हाला अनुभव आहे, त्यामुळे फक्त तीन दुखऱ्या जागा सांगतो. पायाचा जोर हातापेक्षा कितीतरी जास्त असतो, आणि साध्या २८ मिलिमीटर मानेच्या पंपाचा स्ट्रोक ठरलेला. पायडलच्या दांडीला स्टॉपर नसेल तर पंप महिनाभरात फुटतो. बाटल्यांची उंची वेगवेगळी, म्हणून बाटलीची बैठक वरखाली सरकवता यायला हवी. आणि चौकोनी पाइपच्या आत साबणाचं पाणी साचतं, पावडर कोटिंग बाहेरून छान दिसतं आणि सांधा आतून गंजतो. तळाशी निचऱ्याला भोक ठेवा. पॅकहाउसमध्ये क्लोरीनच्या पाण्याने धुलाई होत असेल तर ३०४ जातीच्या स्टेनलेस स्टीलवरही बारीक खड्डे पडतात, तिथे रोज साध्या पाण्याने पुसून घ्यायला सांगा.

आश्रमशाळेचं उत्तर वेगळं आहे. मुलांना सॅनिटायझर नको. जिथे हात मातीने, शेणाने, जेवणाने बरबटलेले असतात तिथे सॅनिटायझर कामाचं नाही; ते घाण काढत नाही, आणि जुलाब-उलट्या करणाऱ्या नोरोव्हायरसवर त्याचा भरवसा धरता येत नाही. साबण आणि वाहतं पाणीच हवं. साबणाची वडीही चालते, पण ती टिकत नाही. उघड्यावर ठेवलेली वडी कावळा पळवतो, उरलेली पाण्यात विरघळते. जाळीच्या पिशवीत वडी घालून नळाशेजारी बांधणं हाही डिस्पेन्सरच आहे आणि तो मोडत नाही. त्याहून स्वस्त म्हणजे साबणपाण्याची बाटली. दीड लिटर पाण्यात साधारण ३० ग्रॅम कपड्याची पावडर विरघळवायची आणि झाकणाला बारीक भोक. बांगलादेशात ही पद्धत वापरून पाहिली आहे. तुम्हाला ऑर्डर मिळावी असं मला वाटतंच, पण त्या शाळेला आधी हे सांगा. त्यानंतरही त्यांना भिंतीवरचा हवा असेल तर तो बळकट द्या आणि उंची मुलांच्या मापाने ठेवा. पहिली ते चौथीला तोटी बेसिनच्या काठाच्या जेमतेम वर, जमिनीपासून ६५-७० सेंटिमीटर. लहान हाताला अर्धा मिलिलिटर पुरतो. मोठ्यांचा पंप लावलात तर निम्मा साबण मोरीत जाईल आणि दोन आठवड्यांत मुख्याध्यापक भरणं बंद करतील.

उंचीवरून सॅनिटायझर स्टँडचं सांगतो, कारण तुम्ही ते अजूनही विकता. जमिनीपासून साधारण एक मीटरवर तोटी, आडवी फवारणारी, म्हणजे चार-पाच वर्षांच्या मुलाच्या बरोबर डोळ्यांसमोर. २०२० मध्ये फ्रान्समध्ये मुलांच्या डोळ्यांत सॅनिटायझर गेल्याच्या घटना आदल्या वर्षाच्या कितीतरी पट झाल्या, काहींना शस्त्रक्रिया लागली. तोटी सरळ खाली वळलेली हवी आणि फवाऱ्याऐवजी जेलचा थेंब पडायला हवा.

सॅनिटायझर पेटतं, हेही आपण विसरतो. ७० टक्के इथेनॉलचा ज्वलनांक सुमारे १७ अंश सेल्सिअस, म्हणजे नाशिकच्या कुठल्याही दुपारी त्याची वाफ ठिणगीची वाट बघत असते. अमेरिकेच्या अग्निसुरक्षा संहितेत कॉरिडॉरमधल्या एका डिस्पेन्सरला १.२ लिटरची मर्यादा आहे, आणि विजेच्या बटणांच्या वर तो लावायला मनाई आहे. आपल्याकडे स्विचबोर्डाच्या वर मोकळी भिंत दिसली की तिथेच डिस्पेन्सर ठोकतात. २०२७ च्या सिंहस्थासाठी तुम्ही काही करणार असाल तर रामकुंडाच्या बाजूला, जिथे दिवे आणि कापूर आहे, तिथे अल्कोहोल अजिबात नको. दिवसाउजेडी इथेनॉलची ज्योत नीट दिसतही नाही. तिथे साबणच.

सॅनिटायझरच्या भांड्याचं प्लास्टिकही बघून घ्या. अॅक्रिलिकला अल्कोहोलने बारीक तडे जातात, पॉलिकार्बोनेटला ताण असलेल्या जागी, म्हणजे स्क्रूच्या भोवती, चिरा पडतात. पॉलिप्रोपिलीन किंवा एचडीपीई वापरा. झाकण सैल असेल तर उन्हात अल्कोहोल उडून जातं आणि ६० टक्क्यांच्या खाली गेलं की द्रावणाचा उपयोग उरत नाही. काही जण उलट, जास्त कडक म्हणून जवळजवळ निव्वळ अल्कोहोल भरतात. त्यानेही काम होत नाही, जंतूतली प्रथिनं मोडायला पाणी लागतं. पॅकहाउसमध्ये सॅनिटायझर हवंच असेल तर हात धुऊन, पूर्ण पुसल्यावर. द्राक्षाच्या रसाने चिकट झालेल्या हातावर ते नुसतं पसरतं. कात्रीने बोटं कापलेल्या बायकांना ते झोंबतं, म्हणून त्या टाळतात. आणि हात ओले असताना घड हाताळला तर मण्यांवरचा पांढुरका थर पुसला जातो, ज्याचे निर्यातदाराला पैसे मिळतात. साबणही बिनवासाचा मागवा.

राहिला पंप. तो विकत घ्या. १९८० मध्ये अमेरिकेत रॉबर्ट टेलर नावाच्या उद्योजकाने सॉफ्टसोप हा पंपाचा हँडवॉश बाजारात आणला. मोठ्या कंपन्या नक्कल करतील हे त्याला माहीत होतं आणि साबणावर पेटंट मिळण्यासारखं काही नव्हतं. त्याने काय केलं, तर पंप बनवणाऱ्या कारखान्यांचं पुढच्या वर्षभराचं उत्पादन, सुमारे दहा कोटी पंप, आधीच विकत घेतलं. प्रतिस्पर्ध्यांकडे साबण होता, बाटल्या होत्या, पण वर बसवायला पंप नव्हते. २०२० मध्येही द्रावण बनवायला साखर कारखान्यांच्या डिस्टिलरी पुढे आल्या आणि अडलं ते पंपाच्या टंचाईवर. दिसायला चार रुपयांची गोष्ट, पण आत स्प्रिंग, गोळी, वॉशर, पिस्टन, आणि प्रत्येकाची मापं केसाएवढी काटेकोर. दोन पुरवठादारांकडून प्रत्येकी पन्नास नग आणा, पॅकहाउसकडून त्यांचाच साबण कॅनमध्ये मागून घ्या आणि एका गिअर मोटरला कॅम लावून दहा-दहा हजार स्ट्रोक मारा. स्प्रिंग साबणात बुडालेली आहे का हेही पंप फोडून बघा. स्वस्त स्प्रिंग गंजली की साबणाला तांबूस रंग येतो आणि ऑडिटर तिथेच थांबतो.

कोटेशनमध्ये दर दहा डिस्पेन्सरमागे तीन सुटे पंप आणि बाटल्यांचा दुसरा संच धरा. बसवायला जाल त्या दिवशी मालकाआधी तिथल्या मावशींना बोलवा, त्यांच्याच हाताने एक बाटली काढून, धुऊन, भरून परत लावायला सांगा. तुम्ही मधे बोलू नका. जिथे त्यांचा हात अडखळेल तिथे खूण करून ठेवा आणि पुढच्या लॉटमध्ये तेवढं बदला. नमुना तयार झाला की अंबडला घेऊन या, फ्रिजची चाचणी माझ्याकडे करू.